अळ्यांनी खाल्लेली फांदी

नेंदेनचा ससा ओंचोम तीन दिवस गवताला तोंड लावत नव्हता. पुढचे दात इतके वाढले होते की तोंड मिटेना. जनावरांच्या डॉक्टरांनी ते कापले आणि विचारलं, "कुरतडायला काय देतेस गं?"

"क्रुपुक. केवढं करकर वाजतं!"

इंडोनेशियातल्या आमच्या लेम्बांगमध्ये पानात क्रुपुक, म्हणजे तळलेला कुरकुरीत पापड, नसला तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पोरीने आपल्यातलंच सशाला दिलं होतं.

"वाजतं, पण तोंडात विरघळतं," डॉक्टर म्हणाले. "वर तेल आणि मीठ. भरपूर गवत दे आणि पेरूची फांदी. फवारलेली नको. नाहीतर महिन्याभरात पुन्हा हेच."

दारात तिचा कुस्नादी मामा उभा होता. सशाच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून भाजलेली साते विकतो तो. "पुढच्या वेळी दात वाढले की माझ्याकडेच आण. दहा काड्या सहज होतील!"

सगळे हसले. नेंदेन हसली नाही, कारण पुन्हा डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत, असं आईने बजावलं होतं.

ती तडक माझ्याकडे आली. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मुलं मला अकी, म्हणजे आजोबा म्हणतात.

"अकी, चांगला पेरू कुठे आहे?"

मी तिला टोमॅटोच्या मळ्याच्या कडेचं झाड दाखवलं. पानं तुकतुकीत, एकेका फळाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. नेंदेनने पानावर अंगठा घासला. अंगठा पांढुरका झाला.

"अकी, इथे एक मुंगीसुद्धा नाही."

"मग चांगलंच की, पोरी."

"मुंगीला का नको असेल पण?"

ती मशिदीमागच्या वाकड्या पेरूकडे गेली. त्याच्या पानांची अळ्यांनी चाळण केली होती.

"ही फांदी."

"अगं, किडकी आहे ती!"

"अळ्या जिवंत आहेत ना, अकी."

तरीही तिने मशिदीच्या राखणदाराला विचारलं. या झाडाला कधीच औषध मारलं नाही, असं तो म्हणाला. मग फांदी धुताना तिने एकेक अळी उचलून दुसऱ्या पानावर ठेवली. चाळीस वर्षं मी मुलांना स्वच्छ, नीटनेटकं तेवढं निवडायला शिकवलं. एखादं झाड इतकं स्वच्छ का आहे, हे विचारायला मात्र कधी शिकवलं नव्हतं.

ओंचोमने फांदी हुंगली आणि पाठ फिरवली. नेंदेन पिंजऱ्याशी मांडी घालून बसून राहिली. बऱ्याच वेळाने आतून खरवडल्याचा आवाज आला. साल सुटत होती. ती माझ्याकडे वळली नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

महिन्याने कुस्नादी मामाने स्वतः ओंचोमचा ओठ वर करून पाहिला. दात जेमतेम तांदळाएवढे.

"छे! दहा काड्या गेल्या," तो म्हणाला आणि पाठीमागे धरलेली फांदी त्याने पुढे केली. "ही चालेल का बघा, डॉक्टरीणबाई. अळ्यांसकट आणलीय."