शास्त्र की अभ्यास

"पर्यावरणशास्त्राला आलीस तर प्रयोगशाळेत पाणी, माती, हवा तपासायची. रसायन आणि गणित काही सुटत नाही," कॉलेजात प्रवेश देणाऱ्या मॅडम समजावत होत्या. "पर्यावरण अभ्यासाला आलीस तर कायदे, धोरणं, लोकांचं जगणं. नाव सारखं वाटलं तरी वाटा वेगळ्या आहेत. काय ठरवलंस?"

"अभ्यास," चिमणी पटकन म्हणाली.

शेजारी बसलेल्या मास्तरांनी चमकून लेकीकडे पाहिलं. जेवतानाही जिच्या मांडीवर रसायनाचं पुस्तक असायचं, तिनं एका शब्दात त्यावर पाणी सोडलं? मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापड कारखान्यातल्या रंगखात्याचे प्रमुख. कापडाचा तुकडा नुसता उन्हात धरून ते छटा जुळवत. खात्यात त्यांचा शब्द चाले. घरात मात्र लेकीचं राज्य.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी विचारलं, "खरं सांग, गणिताला घाबरलीस?"

"मी? गणिताला?" ती हसली. "बाबा, शास्त्राची मुलं पहिल्याच वर्षी ओढ्याचं पाणी तपासतात. तुमच्या कारखान्यामागच्या ओढ्याचं."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लेक त्यांना सांभाळून घेत होती! त्यांना हसू आलं.

"अगं वेडाबाई, त्या ओढ्यात रंगाचं पाणी सोडू नका, असं कारखान्याच्या साहेबांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. तुझ्या बाटलीचं तरी ऐकतील."

"आणि तुमची नोकरी?"

"माझं मी बघीन. मॅडम उठायच्या आत जा आणि शास्त्र सांग."

ती धावतच आत गेली.

त्या थंडीत चिमणी आणि तिच्या वर्गातली मुलं बाटल्या घेऊन कारखान्याच्या मागच्या फाटकाशी आली. रखवालदारानं हात आडवा घातला. मास्तर खात्यातून बाहेर आले.

"सोड त्यांना."

"मास्तर, साहेब मला सोलून काढतील!"

"माझं नाव सांग."

मग ते स्वतः पुढे झाले आणि कारखान्याचा पाइप ओढ्यात उतरतो तिथवर मुलांना घेऊन गेले. दगड निसरडे होते. त्यांनी लेकीचा दंड धरला, तो बाटली भरेपर्यंत सोडला नाही.

कॉलेजनं अहवाल पाठवला, सरकारी तपासणी झाली आणि सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसेपर्यंत रंगखातं बंद ठेवायचा हुकूम आला. साहेबांनी मास्तरांना पॅकिंगला धाडलं. "यंत्रणा बसली तरी तुम्ही आता तिकडेच," ते म्हणाले.

त्या दिवशी चिमणीला घास उतरेना. "बाबा, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काय? जन्मभर वाफेत उकडलो, आता पंख्याची हवा खाईन. जेव मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी ते पॅकिंगमध्ये शिरले, तेव्हा तिथल्या तरुण पोरी सवयीनं उठून उभ्या राहिल्या. मास्तरांनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं, बाह्या दुमडल्या आणि वयानं निम्म्या असलेल्या मुकादमबाईंना विचारलं, "बाई, मी कुठं उभा राहू?"