नवी जिवनबाई उठणार

लोक पायात चपला घालतात, मी हातात घालते. निळ्या पट्ट्याच्या सिलिपरा, दर नाताळला नव्या. कमरेखाली ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा सुतळीनं बांधायचा, हातात सिलिपरा चढवायच्या आन् निघायचं. माझ्या मागून चालणाऱ्याला वाटतं, म्हातारी वाट अडवून राहिली. पुढून येणारा मात्र बराबर बाजूला होतो, कारण तोंड माझं पुढं असतं.

आमचा लमाणांचा तांडा शिरड शहापूरच्या अंगाला, सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवर. हिंगोली जिल्हा व्हायच्या चार सालं आधी शेळ्यांना पाला तोडायला मी लिंबावर चढले, फांदी मोडली आन् कमरेवर आपटले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणला, "आजी, पाय गेले." म्या म्हणलं, "कुठं गेले? इथंच तर हायत." त्याला हसू आलं न्हाई.

दवाखान्यात नेलं ते दाराच्या फळीवर बांधून. चौघांनी चार कोपरे धरलेले, मढं नेतात तसं. तवाच ठरवलं, आता जितेपणी कुणाला उचलू द्यायचं न्हाई. मेल्यावर उचला, तवा मी काय बोलणार न्हाई. माझा पोरगा हिरासिंग एकदा काखेत हात घालून मला बाजंवर बसवायला गेला. सिलिपर हातातच होती, बसली त्याच्या गालावर. सून रुक्मा न्हाऊ घालायची, पाठीची जखम पुसायची, पण बाजंवर चढायचं ते माझं मी, हाताच्या जोरावर.

दवाखान्यात जो येई तो इचारी, "काय पाप केलं होतंस गं?" वसमतच्या पाळकाची बायको शकुंतलाबाई शेजारच्या खाटंवरच्या बाईला बघायला यायची. तिनं इचारलं, "खाज कुठं सुटली?" आन् फणी घेऊन माझं डोकं इंचरत बसली. पंधरा दिवस रोज. त्या फणीनं मला येशूकडं नेलं, पुस्तकानं न्हाई. दुसरीत शाळा सुटली, पुस्तक मला काय वाचता येतंय.

लोकांना वाटतं, देव धरला की तकलीफ संपते. सहा सालं मी रोज सकाळी त्याला एकच मागितलं, पाय दे. त्यानं न्हाई दिले. रोगानं शेळ्या मेल्या, हिरासिंग ऊसतोडीला गेला, पाठीला भोक पडलं, तरी न्हाई दिले. मग मी त्याच्याशी बोलणं सोडलं. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मलाच करमंना, मीच बोलले. तवा कळलं, हा काय आता जात न्हाई, आन् मीबी जात न्हाई. मग म्हणलं, बाप्तिस्मा घेऊन टाकू.

शकुंतलाबाईचा नवरा देविदास पाळक, काडीवाणी बारीक माणूस. तो डोकं खाजवत म्हणला, "आजी, तुमच्या तब्येतीला कॅनॉल झेपणार नाही. मी घरीच तुमच्यावर पाणी शिंपडतो."

"शिंपडायला मी काय मेथीची जुडी हाय? बाकीच्यांना पाण्यात बुडवून काढता. मला काहून न्हाई?"

"पण तुम्हाला उचलावं लागेल, आजी."

"मी माझी सरपटत उतरीन."

तो हसला आन् हो म्हणला. मग समद्यांना बसवून त्यानं बाप्तिस्मा म्हणजे काय ते सांगितलं. "जुनी जिवनबाई पाण्यात पुरली जाईल," तो म्हणला, "आणि नवी जिवनबाई उठेल." मंगळवार ठरला. पाण्याची पाळी चालू होती ना. आमच्या कॅनॉलला बारमाही पाणी न्हाई, धरणातून पाळी सुटली की आठ दिवस, मग कोरडा ठक्क. मंगळवार हा त्या पाळीचा शेवटचा दिवस.

मंगळवारी सकाळी म्या नवी पांढरी साडी नेसली. आन् बाहेर गलका ऐकला.

दारातून पाहते तर कॅनॉलच्या पुलावर माणसं, बांधावर माणसं, बैलगाड्या, सायकली! कुरुंद्याहून एक काळीपिवळी जीप टपावर माणसं घेऊन आलेली. एकानं तर भज्याची कढई मांडलेली. मला वाटलं, कुणी बुडालं. हिरासिंग धापा टाकत आला. आमच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात.

"याडी, घात झाला! समदे तुला बघायला आलेत."

"मला? मी काय सर्कस हाय?"

"लोक म्हणून राहिले, जिवनबाई आज उठणार. पाण्यातून चालत बाहेर येणार. एकानं आंधळा बाप आणून बसवलाय, म्हातारी उठली की ह्यालाबी पाण्यात घालू म्हणून!"

"कुणी उठवलं हे?"

हिरासिंगनं मान मागं वळवली. त्याच्या मागं रुक्मा उभी होती, हात पदराखाली लपवून. रुक्मा कुरुंद्याला हळद शिजवायला जायची. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे, आन् तोंड हातापेक्षा पिवळं झालेलं.

"रुक्मे! काय बोललीस तिथं?"

"पाळक बोलले तेच बोलले, याडी. आमच्या घरची नवी जिवनबाई मंगळवारी उठणार."

"अगं येडे! ते उठणं येगळं! ते आतलं उठणं!"

"मला काय म्हाईत आतलं आन् बाहेरचं?" तिचे डोळे भरले. "सहा सालं तुमची जखम पुसून राहिले. मला वाटलं, देवानं ऐकलं. मी तर तुमच्यासाठी चपलाबी आणल्या, पायातल्या."

आन् तिनं पदराखालून खरंच नव्या चपलांचा जोड काढला. मला शिव्या चांगल्या येतात. गोरमाटीत येतात, मराठीत येतात, नांदेडच्या वार्डात हिंदीतल्याबी शिकले. त्या टायमाला एकबी आठवली न्हाई.

तेवढ्यात धर्मसिंग नाईक आला. तांड्याचा मुखिया, माझ्या नवऱ्याच्या जोडीचा, डोक्याला मोठं पागोटं. त्याच्या मागं देविदास पाळक, घामाघूम.

"जिवनबाई," नाईक म्हणला, "पंधरा गावची माणसं जमली. तू उठली तर मी सोता तुझ्या देवाम्होरं नारळ फोडतो."

"आमच्यात नारळ फोडत न्हाईत."

"मग पेढे वाटतो! पण न्हाई उठली तर? तांड्याची इज्जत जाईल. लोक म्हणतील, लमाणाच्या म्हातारीनं सोंग केलं."

पाळक हळूच म्हणला, "आजी, पुढच्या पाळीला घेऊ. गर्दी नसेल तेव्हा."

"पुढची पाळी कवा?"

आमचा अंगद पाटकरी, म्हणजे कॅनॉलचं पाणी सोडणारा-अडवणारा, दाराशीच उभा होता. "काय सांगावं आजी. धरणात पाणी राहिलं तर वैशाखात. आज दुपारी बाराला मी गेट पाडून राहिलो. वरून हुकूम हाय."

हिरासिंगच्या मनगटावर घड्याळ होतं. साडेअकरा.

मी समद्यांकडं पाह्यलं. आज गेले तर माझं हसं होणार. न गेले तर देवाला म्हणल्यासारखं होणार, तू पाय दिले असते तर आले असते. ते मला बोलवंना. चार दिवसांचा अबोला पुन्हा कोण करणार?

"सरका," म्या म्हणलं आन् हातात सिलिपरा चढवल्या.

काय सांगू! गर्दी फाटली. दोन्ही बाजूंनी माणसं, मधून मी. धप धप सिलिपरा आपटत, पांढरी साडी मातीनं माखत. कुणी म्हणे, "आली, आली!" कुणी म्हणे, "आत्ता सरपटून राहिली, येताना बघा कशी पळते!" भजेवाला झारा हातात धरून उभा राहिला, त्याची भजी जळाली. शकुंतलाबाईनं भजन उचललं, आमच्या सात-आठ माणसांनी टाळ्या धरल्या. माझ्या अंगात असा जोर आलेला की कॅनॉल चढाला असता तरी चढले असते.

पण कॅनॉल उताराला होता. कपडे धुवायच्या घाटाला बारा पायऱ्या, वरच्या दोन सोडल्या तर समद्या शेवाळानं हिरव्या. पहिली उतरले, दुसरी उतरले. तिसरीवर सिलिपर सटकली. चौथीवर हाताचं कोपर आपटलं, टायर तिरका झाला, आन् मी कडेच्या दगडाला धरून लोंबकळले. पुलावरची माणसं "आरारारा" करून ओरडली. खाली पाणी जोरात वाहत होतं. पाळक कमरेइतक्या पाण्यात हात पसरून उभा होता, अजून आठ पायऱ्या दूर.

हिरासिंग धावला, पण दोन हात लांबच थांबला. गालावरची सिलिपर विसरला नव्हता.

"बारा वाजून राहिले, आजी!" अंगद पुलावरून ओरडला.

दगड धरून मी देवाला म्हणलं, बाबा, एवढं तरी माझं मला करू दे. त्यानं काय केलं न्हाई. पायऱ्या हिरव्याच राह्यल्या. माझे हात दगडावरून सुटायला लागले. सहा सालं मी ह्या हातांवर काढली, आन् आता हात म्हणून राहिले, बाई, आमचं इथवरच.

वर पाह्यलं. रुक्मा उभी होती, त्या येड्या नव्या चपला छातीशी धरून.

"रुक्मे," म्या म्हणलं. "उचल."

तिला कळंना. "काय उचलू, याडी? चपला?"

"मला! बहिरी झालीस का? मला उचल!"

हिरासिंगचं तोंड उघडं पडलं. रुक्मानं चपला टाकल्या, टायर सोडला, एक हात माझ्या पाठीखाली, एक गुडघ्याखाली घातला, आन् उचललं. हळदीची पोती उचलून उचलून तिच्या दंडात काय ताकद आली होती! मला डोळे मिटायचे होते, पण मिटले न्हाई. फळीवर बांधल्यासारखं काहीच वाटलं न्हाई. तिच्या अंगाला शिजल्या हळदीचा वास येत होता आन् तिचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं.

ती पायरी पायरी उतरली. पाणी थंडगार. कमरेला लागलं ते मला कळलं न्हाई, पोटाला लागलं तवा कळलं. एका बाजूनं पाळक, एका बाजूनं रुक्मा. पाळकानं बापाचं, लेकाचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आन् मला मागं झुकवलं. पाणी डोक्यावरून गेलं. गलका बंद. हिरवा उजेड. दोन पंजे तेवढे पाठीखाली.

वर आले तर माझे पाय म्होरं तरंगत होते! सहा सालं ओढत नेलेले, दगडासारखे जड पाय, पाण्यावर पानासारखे. पाणी त्यांना हलवत होतं, डावा, उजवा. मला हसू फुटलं. असं हसू की थांबंना.

पुलावरून धर्मसिंग नाईक ओरडला, "काय झालं? उठली का?"

कुणीतरी म्हणलं, "कुठं उठली! तशीच हाय की!"

"व्हय, तशीच हाय!" म्या खालून ओरडले. "उठले न्हाई, धर्मसिंग. पण बसलेबी न्हाई. तरंगून राहिले, दिसत न्हाई का तुला?"

आधी भजेवाला हसला. मग समदा पूल हसला, पण माझ्यावर न्हाई, माझ्यासंगं. तो फरक मला कळतो, सहा सालं ऐकत आले. काही माणसं चडफडत गाडीला बैल जुंपायला गेली. आंधळा बाप मात्र लेकाला म्हणत होता, "म्हातारी हसली का रे? मला तिच्या जवळ ने." त्याला घेऊन शकुंतलाबाई सावलीत बसली. तिनं त्याला काय इचारलं असंल, ते मला ठाऊक हाय.

"चला आजी, वर," पाळक म्हणला.

"पाणी हाय तवर राहू द्या."

अंगदनं बाराला गेट पाडलं, पण वाटंतलं पाणी यायचं ते आलंच. घटकाभर मी तिथंच तरंगले. मग पाणी हळूहळू उतरलं, पाय खाली गेले, पायरीला टेकले, पुन्हा जड झाले. रुक्मानं माझ्याकडं पाह्यलं. इचारायला भीत होती.

"बघते काय? उचल."

"घाटावर नेऊ?"

"घरी ने."

भर तांड्यातून सुनेच्या कडेवर मी घरी गेले, लेकरासारखी. बायका दारात येऊन बघत होत्या. रुक्मा धापा टाकत होती आन् हसत होती, मी तिला सांगत होते, डावीकडं खड्डा हाय, बघून चाल. मागं वळून पाह्यलं, तर हिरासिंगच्या हातात टायर, आन् त्याच्या मागं धर्मसिंग नाईक, पागोटं वाकडं, एका हातात माझ्या निळ्या सिलिपरा, दुसऱ्या हातात पायातला नवा जोड.

"ह्या कुठं ठेवू?" त्यानं दारात इचारलं.

"सिलिपरा दाराशी. नव्या रुक्माला दे, तिच्या तुटल्यात."

साडी काढली तर तिच्यावर पाठीच्या जागी पिवळा पंजा उठलेला, पाची बोटं. रुक्मानं घाबरून साबण लावला, तर पंजा लालभडक झाला! ती म्हणली, "थांबा, उन्हात टाकते. उन्हात हळद उडते."

"ठाऊक हाय मला," म्या म्हणलं. "सावलीत वाळव."