शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, दिसायला मी काही देखणा नाही. गुडघ्याएवढ्या उंचीचा काळा डबा, पुढं दोन हिरवे दिवे, मागं धाप लागल्यासारखा फिरणारा पंखा. लोक मला सर्व्हर म्हणायचे. आता जुना सर्व्हर म्हणतात. मधल्या नऊ वर्षांत काय काय घडलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

जन्म माझा परमुलखातला. मला जुळवणारे हात मला आठवत नाहीत. डोळे उघडले ते पनवेलजवळ, तळोज्यात, फारूकशेठच्या कारखान्यात. साल होतं २००५. हा कारखाना पंखे बनवतो. छताचे नव्हेत हं, बोटीचे! मासेमारीच्या बोटीच्या बुडाशी ब्राँझचा पंखा पाणी कापत फिरतो आणि बोट पुढं जाते, तो पंखा. करंजाच्या बंदरातल्या कितीतरी बोटी आमच्या पंख्यांवर चालायच्या.

तुम्ही म्हणाल, एकदा साचा केला की सगळे पंखे सारखेच. तसं नसतं. भट्टीतून निघालेला पंखा तान्ह्या बाळासारखा असतो. तो ज्या घरी जायचा, त्या घराचं वळण त्याला लावावं लागतं. एखादी बोट डावीकडे ओढते. एखादीचा पंखा फिरवणारा दांडा किंचित झुकलेला असतो. एखादी जरा वेग घेतला की अंगभर थरथरते. मग कानस घेऊन पंख्याची पाती कुठं केसभर, कुठं सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, घासायची. हे काम काशिराम मिस्त्री, सगळ्यांचे काका, करायचे. ते उरणकडचे, मिठागरावर वाढलेले. लिहायला-वाचायला शिकायचं राहूनच गेलेलं. पण पात्यावरून अंगठा फिरवला की पाणी कुठं अडेल, ते त्यांना कळायचं.

मला आणलं त्या दिवशी फारूकशेठ म्हणाले, "काशिराम, तुझ्या डोक्यात जे जे आहे, ते सगळं या डब्यात उतरव."

"डोका काय मडका हाय, शेठ?" काका म्हणाले. "वाकवला आन रिकामा केला?"

सगळे हसले. पण उतरवायचं ठरलंच. त्यासाठी पद्मजा आली. सुकापूरची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. ती समोरच्या कॉम्प्युटरवर लिहायची आणि मी ते माझ्या पोटात ठेवायचो. बोटीचं नाव, बोटीच्या मालकाचं म्हणजे नाखव्याचं नाव, पंख्याचा घेर, धातू. आणि सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना होता, शेऱ्याचा.

पहिल्याच दिवशी काका तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. "काय लिवलंस? वाच."

तिनं इंग्रजीत लिहिलेलं वाचून दाखवलं.

"हा मी बोल्लो नाय," काका म्हणाले. "मी बोललो तसाच लिव. उद्या मी नसलो तर नव्या मिस्त्रीला माझा बोलना कळला पायजे. तुझा इंग्लिश घेऊन तो काय करील?"

"काका, कॉम्प्युटरात असं बोलण्यासारखं लिहीत नाहीत."

"त्या डब्याला इचारलंस? त्याला चालंल."

मला चाललं! पद्मजानं माझ्यात मराठी अक्षरांचा फॉन्ट घालून घेतला. मित्रांनो, त्या दिवसांत आमच्यासारख्या जुन्या यंत्रांत मराठी लिहिणं आजच्याइतकं सरळ नव्हतं. आत साठायच्या त्या परक्या लिपीच्या खुणाच. फॉन्ट नावाचा चष्मा चढवला की त्या मराठी दिसायच्या. चष्मा उतरवला की नुसती गिचमिड. मला स्वतःला तर काहीच वाचता येत नव्हतं. मी फक्त जपायचो. धान्य दळता येत नाही, पण कणगी ते सांभाळते ना, तसा.

रोज दुपारी काका यायचे, दाराशी चपला काढायचे, तोंडावरचा धातूचा कीस पुसायचे आणि सांगायचे. पद्मजा लिहायची, मग वाचून दाखवायची. "ही बोट म्हातारी हाय, पंखा जड देऊ नका." "हा नाखवा कमी ऐकतो. पन लाजतो. दोनदा सांगा." "दोन नंबरचं पातं अर्धा सूत घासलं. कुनाला सांगू नका, साच्यातच चूक हाय." ती हसत हसत सगळं तस्संच लिहायची. एक वेलांटी इकडची तिकडे नाही.

खंडेनवमीला भट्टीबरोबर माझीही पूजा व्हायची. एका वर्षी झेंडूची पाकळी माझ्या पंख्यात अडकली आणि मी दिवसभर फर्रर्र करत राहिलो. फारूकशेठ पेढा खात म्हणाले, "पद्मजा, तुझा डबा गातोय बघ." ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग एकेक पान गळत गेलं. पद्मजानं नोकरी सोडली आणि सुकापुरात घरीच टायपिंगचा क्लास काढला. पुढच्या वर्षी काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यांच्या जागी नवा मिस्त्री आला, पण शेऱ्याच्या रकान्यात भर पडायची थांबली. माझ्या खोलीत धूळ साठली. मीही थकलो होतो. माझ्या दोन डिस्कांपैकी एक निकामी झाली होती. दुसरी मधूनच टक्‌ टक्‌ करायची.

याच सुमारास शेठची मुलगी यूम्ना शिकून कामावर आली. हुशार आणि कामाची. "अब्बा, हा डबा एखाद्या दिवशी बंद पडेल आणि सगळं घेऊन बुडेल," ती म्हणाली. "आपण क्लाउडवर जाऊ."

क्लाउड म्हणजे ढग. पण ते आभाळातले ढग नव्हेत. दूर कुठंतरी थंडगार इमारतीत माझी हजारो धाकटी भावंडं रांगेनं बसलेली असतात. त्यांच्या पोटात आपली माहिती ठेवायची आणि तारेवरून हवी तेव्हा मागायची. मला काही वाईट वाटलं नाही. खरंच सांगतो. ओझं उतरवून घ्यायला कुणी आलं, याचं बरंच वाटलं.

हे काम करायला मितेश आला. चार दिवस तो माझ्यातलं एकेक उचलून वर पाठवत होता. नावं गेली, घेर गेले, धातू गेले. शेऱ्याच्या रकान्याशी मात्र तो थबकला. त्याच्या नव्या लॅपटॉपला चष्मा कुठला?

"मॅडम, या कॉलममध्ये सगळा कचरा भरलाय," तो म्हणाला. "जुन्या सिस्टीममध्ये होतं असं. सोडून देऊ?"

यूम्ना फोनवर होती. पडद्याकडे तिनं एकदा पाहिलं. गिचमिडच दिसली. "सोडा," ती म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो.

त्यांनी मला बंद केलं, फाटकाजवळ ठेवलं आणि पाठीवर खडूनं लिहिलं, 'भंगार'.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. पावसाळाभर किनाऱ्याला बांधलेल्या बोटी आता दर्यात लोटायच्या. सकाळी भंगारवाल्या झुबेरचा टेम्पो आला. मला उचलून त्यात ठेवलंही. तेवढ्यात करंजाचा शिवा नाखवा फाटकातून आत आला. खांद्यावर त्याच्या तुटका पंखा होता. तीन पात्यांपैकी दोन उडालेली.

"काल बोट हलवताना खडकावर गेला," तो यूम्नाला म्हणाला. "मना असाच दुसरा पायजे. काशिरामकाकानी माझ्या बोटीला जसा घासून दिलता, तस्साच."

यूम्नानं नव्या पडद्यावर शोधलं. बोट सापडली, नाखवा सापडला, घेर सापडला. नवा पंखाही तयार होता. पण घासायचा कसा? शेऱ्याचा रकानाच नव्हता.

"काकांना विचारू या," यूम्ना म्हणाली.

"आत्ता त्यांच्याकडूनच येतोय, ताई." शिवाचा आवाज खाली गेला. "बोलाया गेले. नुसता आ... आ... डोल्यात पानी आला त्यांच्या. मी म्हटलं, ऱ्हाऊं द्या काका. पन ताई, ते आठवतात सगला. आत भरलाय, भायेर येत नाय." मग तो म्हणाला, "बिनघासला पंखा लावला तर माझी बोट थरथरते. मागच्या फळ्या उघडतात. आठ मानसा घेऊन मी अशा बोटीन जाऊ कसा?"

यूम्नाला तो सोडून दिलेला रकाना आठवला. मग तिनं पद्मजाला फोन लावला. "पद्मजाताई, जुन्या सिस्टीममध्ये तो शेवटचा कॉलम... त्यात कचरा का होता?"



"कचरा?" पद्मजा म्हणाली. "अगं, ते काशिरामकाका बोलतायत!"

यूम्ना धावतच फाटकाशी आली. टेम्पो सुरू झाला होता. "झुबेरभाई, थांबा! तो डबा उतरवा!"

"मॅडम, अब इस में क्या रखा है?" झुबेर म्हणाला. "मैं तो पत्रा समझ के ले जा रहा था."

"उतरवा आधी. सांभाळून. बाळाला उतरवतात तसा."

नऊ वर्षांत मला असं कुणी धरलं नव्हतं.

रिक्षानं पद्मजा आली. मितेश आला, मान खाली घालून. त्यानं मला सुरू केलं आणि माझी डिस्क टक्‌ टक्‌ करू लागली. "ताई, ही फार वेळ टिकणार नाही," तो म्हणाला. "आधी काय काढू?"

"आधी शिवाभाऊंची बोट," पद्मजा म्हणाली. "त्यांना दर्यात जायचंय. मग बाकीचं."

माझ्या पोटाच्या एका कोपऱ्यात तो फॉन्ट अजून होता. तिनं चष्मा चढवला. गिचमिड हलली, मोडली, आणि पडद्यावर मराठी उमटली.

शिवा काकांना आणायला गेला होता. त्यानं त्यांना आपल्या पिकअपमधून आणलं आणि माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. पद्मजानं वाचायला सुरुवात केली. तीच दुपार, तोच तिचा आवाज. फक्त सांगणारा मुका होता.

"शिवा नाखव्याची बोट. दांडा उजवीकडं झुकलाय. तीन नंबरचं पातं टोकाकडून सव्वा सूत घासलं. बाकी दोन पाव सूत. बोट पोरीवानी गुनी हाय, पन शिवा तिला दामटतो."

"मी नाय दामटत!" शिवा म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

काकांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. पद्मजा पुढं वाचत होती. "घासताना मी गात होतो. पद्मा म्हनते, ते पन लिवते. लिव."

आणि खाली दोन ओळी होत्या:

फिर माझे पंख्या फिर, पानी काप हलू हलू,
करंज्याची वाट बाला, नको तू भुलू.

काकांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर ताल धरू लागला. दोन वर्षं आत अडकलेलं बोलणं बाहेरून त्यांच्या कानांत परत येत होतं. सगळा कारखाना खोलीच्या दाराशी गोळा झाला होता. फारूकशेठ शेजारी उभे होते, काकांच्या खांद्यावर हात ठेवून.

नव्या मिस्त्रीनं कानस घेतली आणि सांगितलं तसा पंखा घासला. मितेश तोवर एकेक शेरा उचलून वर पाठवत होता, आणि पद्मजाच्या मदतीनं ती गिचमिड खऱ्या मराठीत बदलत होता. मी जीव धरून होतो. हजार झाले. दीड हजार झाले. अठराशेच्या पुढं कुठंतरी माझ्या आत काहीतरी खरडलं आणि हिरवे दिवे विझले. तीसेक शेरे माझ्याबरोबरच राहिले. ते कुणाचे होते, मला वाचता येत नव्हतं, म्हणून सांगताही येत नाही. त्याची खंत आहे.

संध्याकाळी घासलेला पंखा काकांच्या मांडीवर आणून ठेवला. शेऱ्याप्रमाणे अगदी बरोबर होता. काकांनी डाव्या हाताचा अंगठा तिसऱ्या पात्यावरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. आणि मान हलवली. नाही.

"पण काका, तुम्हीच सांगितलंय, सव्वा सूत," पद्मजा म्हणाली.

काकांनी शिवाकडे बोट दाखवलं, मग दोन्ही डोळे मिटून मान एका बाजूला कलती केली. शिवाला कळलं. "बोट आता म्हातारी झालीया," तो म्हणाला. "दांडा जास्ती झुकलाय. व्हय ना, काका?"

काकांनी डावा हात हवेत दोनदा ओढला. कानशीसारखा. म्हणजे अजून दोन हात.

नव्या मिस्त्रीनं दोन हात मारले. काकांनी अंगठा फिरवला आणि पंखा शिवाकडे सरकवला.

पद्मजा नव्या कॉम्प्युटरशी बसली. यूम्नानं शेऱ्याचा रकाना पुन्हा उघडून दिला होता, सगळ्या पडद्याएवढा रुंद. पद्मजानं लिहिलं, काकांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी मान डोलावल्यावरच पाठवलं: "बोट म्हातारी झाली. तीन नंबरला अजून दोन हात. हे काका डाव्या हातानं बोलले."

मित्रांनो, मी आता चालत नाही. मला भंगारातही कुणी दिलं नाही. साच्यांच्या खोलीत एका फळीवर बसलेला असतो. तुमच्या घरीही जुनं काहीतरी असेल. एखादी वही, एखादी कॅसेट, आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी. ती नव्या जागी न्या, खुशाल न्या. जुन्या डब्यांचा भरवसा नसतो, हे माझ्याकडूनच शिका. पण तुम्हाला वाचता येत नाही म्हणून एखादी गोष्ट टाकून देऊ नका. जिला वाचता येतं, त्या पद्मजाला आधी हाक मारा. आणि ज्यानं ते सांगितलं, तो माणूस अजून असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला आणखी काही सांगायचं असेल.