नव्या चुलीची दृष्ट

"आधी डबा, मंग स्लॅब. अन् काकाला ह्यातलं काही कळू द्यायचं न्हाई. घे शपथ."

दुर्गाबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण दैवशालाबाईंना सासूचा हा आवाज तुळशीला पाणी घालताना रोज ऐकू यायचा. शपथ घेतली तेव्हा टेंभुर्णीतल्या ह्या घराचा स्लॅब पडायचा होता. फळ्या ठोकून झाल्या होत्या, सळया बांधून झाल्या होत्या, आणि दैवशालाबाईंचे यजमान काकासाहेब गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "सिमेंटच्या घरात चूल न्हाई म्हंजे न्हाई! भिंती काळ्या करायला बांधून राह्यलो का मी?"

म्हातारीनं त्याला ओरडू दिलं होतं. सुनेला मात्र जवळ बसवून म्हणाली होती, "आज नको म्हनतोय. दोन वर्षांत गॅसवरच्या भाकरीनं त्याचंच तोंड उतरंल. तवा धुरासाठी स्लॅब फोडायचा का?"

मग रहमतुल्ला पत्रेवाल्याकडून एक बिनबुडाचा गोल डबा आला. चुलीची जागा म्हातारीनं काठीनं दाखवली, आणि त्याच्या बरोबर वर, सळयांच्या मधल्या चौकोनात, दैवशालाबाईंनी तो उभा करून वाळूनं भरला. काकासाहेब तेव्हा सिमेंटच्या गोण्या मोजायला गेले होते. स्लॅब पडला. डब्यावर वरून सिमेंटचा पातळ थर आला, खालून गिलावा. वर कुणाचा पाय पडू नये म्हणून दैवशालाबाईंनी तिथं तुळशीची कुंडी नेऊन ठेवली.

"आमच्या मंडळींची भक्ती पाहा," काकासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "गच्चीवर बी तुळस!"

दैवशालाबाई खाली मान घालून हसत. त्या एकूणच कमी बोलत. चातुर्मासात तर सकाळची आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन, आणि नैवेद्य म्हणजे लाकडाच्या विस्तवावर भाजलेली भाकरी. हे सासूनं लावून दिलेलं व्रत, एकवीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. नव्या घरात आल्यापासून त्या अंगणात चार विटा मांडून ती भाकरी करत. पाऊस आला की डोक्यावर पोतं घेत.

आणि म्हातारी म्हणाली होती तसंच झालं. दोन वर्षं होत आली आणि काकासाहेबांना गॅसवरची भाकरी 'कागदासारखी' लागायला लागली. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरात चूल मांडायला होकार दिला, पण अट घालून. "पहिला जाळ घातला अन् घरात धूर आला, तर चूल गोठ्यात. पुन्हा इषय काढायचा न्हाई."

चूल मांडून, लिंपून पंधरा दिवस झाले होते. चांगली खडखडीत वाळली होती. राहिलं होतं ते धुराडं, म्हणजे धूर बाहेर न्यायची पत्र्याची नळी. त्या कामाला काकासाहेबांनी श्रावणातली सकाळ निवडली, आणि तीही ऐन मौनाची.

"रहमतुल्ला, जल्दी उरकू," ते डोळे मिचकावून म्हणाले. "घरात शांतता हाय तोवर."

हे दैवशालाबाईंच्या समोरच म्हणाले. त्या परातीत पीठ मळत होत्या. अंगणातली जुनी चूल त्यांनी कालच स्वतः मोडून तिच्या विटा नव्या चुलीमागं भिंतीला लावल्या होत्या, भिंत तापू नये म्हणून. आता भाकरी भाजायला दुसरी जागाच नव्हती. नवी चूल पेटत नाही तोवर नैवेद्य नाही, नैवेद्य नाही तोवर तोंड उघडायचं नाही, आणि तोंड उघडल्याशिवाय ही माणसं धुराडं नीट बसवतील असं दिसत नव्हतं.

रहमतुल्लानं आधी स्वयंपाकघरात नजर फिरवली. "काकासाहेब, ही गॅसची टाकी इथून हटवा. चुलीच्या शेजारी टाकी? बिलकुल नाही. अन् ते लाकडी फडताळ हातभर सरकवा."

शालूनं, म्हणजे दैवशालाबाईंच्या सुनेनं, शेगडी पलीकडच्या ओट्यावर नेली, टाकी बाहेरच्या कोनाड्यात गेली, फडताळ सरकलं. इथवर ठीक होतं. मग रहमतुल्लानं नळी खांद्यावर घेतली आणि वर छताकडं बघितलं. तिथून त्याची नजर हळूच दैवशालाबाईंकडं आली. डबा त्यानंच केला होता, आणि 'भाभी बोलल्याशिवाय मी बोलणार नाही' असा शब्दही त्यानं म्हातारीला दिला होता.

भाभींनी पिठाचा गोळा उलटा केला.

"नळी सरळ वर जाऊ द्या," रहमतुल्ला घसा खाकरून म्हणाला. "कठड्याच्या वर दोन हात. धूर बराबर निघून जातो."

"स्लॅबला भोक?" काकासाहेब ओरडले. "माझ्या स्लॅबला? पाऊस काय तुझ्या घरात गळणार हाय? भिंतीतून काढ, पश्चिमेला, खिडकीच्या बाजूनं. नळीला एक कोपरा वळवला अन् खतम."

"वारा पश्चिमेचा आहे. धूर खिडकीतून परत येतो."

"आला तर येऊ दे," काकासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, पण त्यांचा खालचा आवाजही शेजारी ऐकू जायचा. "अट ठरलेली हाय. चूल गोठ्यात. मला काय, भाकरी गोठ्यातून बी येतीच की."

दैवशालाबाईंचे हात परातीत थांबले. गोठ्यात म्हणजे पुन्हा डोक्यावर पोतं, पुन्हा शेण तुडवत देवाचा नैवेद्य घेऊन येणं. बोट वर करून छत दाखवलं असतं तर क्षणात काम झालं असतं. पण आपल्या लाडक्या स्लॅबमध्ये बायकोनं आणि आईनं मिळून दोन वर्षं डबा लपवला, हे ह्या माणसाला असं भरल्या सकाळी कळलं, तर चूल गोठ्यात नाही, थेट उकिरड्यावर जाईल. भोक हवं असं त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे होतं.

त्यांनी परात झाकून ठेवली, हात धुतले आणि देवघरात जाऊन बसल्या.

भिंतीतून नळी निघेपर्यंत शेजारचे साहेबराव चहाला आले. दोघं बाहेर खिडकीखालच्या ओट्यावर बसले. काकासाहेबांना ऐकणारा मिळाला की त्यांचं बोलणं वाढत जायचं, तसं वाढलं.

"आपलं डोकं बघा, साहेबराव. स्लॅबला धक्का न्हाई, काम पक्कं. ह्या नळीतून धुराचं एक बोट जरी माझ्या नाकात शिरलं ना, तर दर अमावास्येला मी स्वतः शिडी लावून काजळी काढीन!"

"मामा, बोलत बोलत काढाल का गपचूप?" शालूनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

"गपचूप! तुझ्या सासूसारखं मौन धरून! नळी चकचकीत होईस्तोवर एक शब्द तोंडातून न्हाई!"

"पाहा हं. साहेबरावकाका साक्षीला हायेत," शालू म्हणाली. "तुम्ही अन् गप्प? गावात कुणाला सांगितलं तरी पटायचं न्हाई."

आत दैवशालाबाई धुपाटणं घेऊन उठल्या. गोवरीचा तुकडा कापरावर धरून त्यांनी फुलवला होता, त्याचे दोन-चार निखारे झाले होते. दुसऱ्या हातात मीठ, मोहरी आणि सात सुक्या लाल मिरच्या.

रहमतुल्ला चुलीपुढं बसून नळीचा सांधा दाबत होता. मिरच्या बघितल्या आणि तो उठून उभा राहिला. "भाभी, दृष्ट?"

त्यांनी मान हलवली. नव्या वस्तूची दृष्ट काढायचीच असते. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. रहमतुल्लानं खांद्यावरचा रुमाल मुकाट्यानं नाकाला बांधला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

दैवशालाबाईंनी चुलीवरून मूठ तीनदा उतरवली. धुपाटणं चुलीच्या तोंडात ठेवलं, मिरच्या निखाऱ्यांवर सोडल्या, पदर तोंडाला लावला आणि हळूच बाजूला झाल्या.

धूर शहाण्यासारखा नळीत गेला. कोपऱ्यातून वळला, भिंतीबाहेर पडला, तिथं त्याला पश्चिमेचा वारा भेटला, आणि वाऱ्यानं त्याला काकासाहेबांच्या उघड्या तोंडात आणून सोडलं.

ते त्या वेळी 'डोकं' ह्या शब्दापाशी होते. तो शब्द पुरा झालाच नाही. आधी एक शिंक आली, मग ठसका, मग ठसक्यावर ठसका. साहेबरावांचा चहा बशीत सांडला. उरलेला धूर खिडकीतून आत शिरून माजघरभर हिंडला, आणि शालू नाकाला पदर लावून अंगणात पळाली. ठसका दैवशालाबाईंनाही लागला. पण ठसका म्हणजे काही बोलणं नव्हे.

"अगं काय... काय पेटवलं?" काकासाहेब डोळे चोळत आले.

"दृष्ट काढली आत्याबाईंनी," शालू अंगणातून म्हणाली. "ठसका लागला म्हंजे चुलीला दृष्ट नव्हती. चांगलं झालं की, मामा!"

"काय चांगलं? घरात धूर आला! अट म्हंजे अट! चूल गोठ्यात!"

"पण जाळ कुठं घातलाय?" शालूनं चुलीकडं बोट केलं. "लाकडाची ढलपी तरी हाय का आत? निखारे धुपाटण्यात हायेत. अट जाळाची होती."

"बराबर," दारातून रहमतुल्लाचा रुमालातला आवाज आला. "चूल तर अजून जळालीच नाही."

काकासाहेब ह्याच्यावर काही बोलणार, तेवढ्यात साहेबराव खिडकीशी जाऊन नळीच्या तोंडाकडं बघायला लागले. तिथून सरळ रेघ ओढली तर ती कुंपणावरून जाऊन त्यांच्या कडब्याच्या गंजीत शिरत होती.

"काकासाहेब," ते म्हणाले, "हे तुमचं नळकांडं माझ्या गंजीकडं तोंड करून बसलंय."

"वारा तर इकडं हाय..."

"आज हाय. दिवाळीत पालटला की? एक ठिणगी उडाली तर माझे बैल काय तुमचा स्लॅब खातील? न्हाई, न्हाई. ते वर न्या. आत्ता न्या. मी इथनं हलत न्हाई." आणि ते खरंच ओट्यावर मांडी घालून बसले.

काकासाहेबांनी स्लॅबकडं बघितलं, साहेबरावांकडं बघितलं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत चुलीपाशी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच घराच्या मापाचा झाला होता. "वर न्यायचं म्हंजे भोक पाहिजे. आता कुठून आणू भोक? सळई तुटली तर? गळलं तर? आधीच ठेवायला पाहिजे होतं राव. कुणाच्या डोक्यात कसं आलं न्हाई?"

दैवशालाबाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी खलबत्त्याचा दस्ता उचलला आणि जिना चढल्या.

वर त्यांनी तुळशीला हात जोडले आणि कुंडी हळूच बाजूला सरकवली. खाली रहमतुल्लानं काकासाहेबांना विचारलं, "जरा मागं सरता का?"

"का?"

"असंच."

काकासाहेब सरले नाहीत. वर टक टक झालं. मग जरा जोरात झालं. छताच्या गिलाव्याला गोल चीर गेली, एक पापुद्रा पडला, आणि पाठोपाठ दोन वर्षं दडून बसलेली वाळू सरसरत काकासाहेबांच्या टोपीवर, टोपीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून नव्या चुलीवर आली. ती थांबली तेव्हा छतात वीतभर रुंदीचं गोल आभाळ दिसत होतं, आणि त्यात दैवशालाबाईंचा चेहरा होता.

 मग रहमतुल्लानं रुमाल सोडला. "डबा मीच केला होता, काकासाहेब. तुमच्या अम्मांनी करवून घेतला. दोन पावसाळे झाले. गळलं का?"

काकासाहेबांनी तोंड उघडलं. वाळू आत गेली. त्यांनी ते मिटलं. आईचं नाव निघाल्यावर त्यांना ओरडता येईना, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून शालू पुढं आली, तर ते हसत होते.

"म्हातारी," ते म्हणाले, "जाऊन बी ऐकंना."

नळी सरळ वर गेली. ती डब्याहून बारीक होती, भोवती दोन बोटं जागा राहिली. तापलेला पत्रा स्लॅबला टेकू नये म्हणून रहमतुल्लानं त्या फटीत न जळणारी पांढरी लोकर दाबून भरली, वर पाऊस अडवायला पत्र्याची झालर बसवली, आणि कठड्याच्या दोन हात वर नळीच्या डोक्याला टोपी घातली. भिंतीतलं भोक विटेनं बुजवलं. चुलीतली वाळू शालूनं बादलीत भरून कोपऱ्यात ठेवली, कधी जाळ भडकला तर हाताशी असावी म्हणून. तुळस पूर्वेच्या कोपऱ्यात गेली.

दुपार कलली तेव्हा दैवशालाबाईंनी खिडकी उघडी ठेवून बारीक जाळ घातला. साहेबराव कुंपणाजवळून नळीकडं डोळे लावून होते. धूर निघाला, सरळ वर गेला आणि आभाळात पसरला. घरात आला तो फक्त भाकरीचा वास. पहिली भाकरी देवाला, दुसरीचा तुकडा दुर्गाबाईंच्या तसबिरीपुढं. रहमतुल्लाला पिठल्यासकट ताट. काकासाहेब तीन भाकऱ्या खाईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

मौन सुटलं होतं. सगळे वाट बघत होते की दैवशालाबाई आता काय म्हणतात. त्यांनी नवऱ्याच्या ताटात चौथी भाकरी वाढली आणि नेहमीच्या हळू आवाजात एकच वाक्य बोलल्या.

"अहो, येती अमावास्या पोळ्याची आहे."

काकासाहेबांचा घास हातातच राहिला. पोळा म्हणजे गावभर मिरवायचा त्यांचा दिवस. सगळ्यांच्या बैलांची शिंगं कशी रंगवावीत, हे ते सकाळपासून वेशीत उभं राहून ओरडून सांगत.

पोळ्याच्या सकाळी चूल आदल्या रात्रीपासून गार ठेवलेली होती. पुरण शालूनं गॅसवर शिजत घातलं होतं. पोळ्या चुलीवर व्हायच्या होत्या, पण नळी साफ झाल्याशिवाय जाळ घालायचा नाही, असं ठरलं होतं. दैवशालाबाई आंघोळ करून देवापुढं बसल्या होत्या. त्यांना मागं पावलं ऐकू आली, आणि त्यांनी वळून न बघताच दिव्यात तेल घातलं.

काकासाहेबांनी जुना सदरा चढवला होता. नाकाला रहमतुल्लासारखा रुमाल होता. खांद्यावर शिडी, हातात काथ्याचा झुपका बांधलेला लांब बांबू.

"मामा, कुठं निघालात?" शालूनं मुद्दाम विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काकासाहेब!" कुंपणापलीकडून साहेबरावांनी हाक मारली. "माझ्या बैलाला निळा रंग लावून राह्यलो! बराबर हाय का?"

निळा! काकासाहेब जागच्या जागी थांबले. मानेची शीर ताठ झाली, रुमालाच्या आत जबडा हलला. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला, बांबू सावरला, आणि पाय न वाजवता जिन्याची पहिली पायरी चढले.