अजिनाथचा डावा पाय

मित्रांनो, मी काथ्याची एक जुनी मॅट आहे. क्रिकेटची. माझ्या कडा उसवल्या आहेत, मधोमध टक्कल पडलं आहे आणि अंगाला शेळ्यांचा वास येतो. तरी मला हसू नका. भारताच्या संघातून खेळलेला एक फलंदाज माझ्यावर खेळायला शिकला आहे.

माझा जन्म फार दूर केरळात, पाण्याच्या काठी झाला. नारळाची सोडणं खाडीत कितीतरी महिने भिजत पडायची. मग बाया ती कुटायच्या, काथा काढायच्या, दोर वळायच्या. त्या दोरांतून मला विणलं. अजूनही डुलकी लागली की अंगाखालून ते संथ पाणी जात असल्यासारखं वाटतं. जाग येते तेव्हा खाली बीड जिल्ह्याची काळी माती असते, आणि तीही मला आता परकी वाटत नाही.

मला इथं आणलं सुंदरराव तात्यांनी. तेलगावच्या बाजूला त्यांचं गाव. तात्या म्हणजे माजी सरपंच, मोठे बागायतदार आणि क्रिकेटचे भारी वेडे. बॅट मात्र त्यांना जन्मात कधी धड धरता आली नाही. आमच्या मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. चेंडू भेगेवर पडला की तो कुठं उडेल याचा नेम नसतो. म्हणून माझी गरज. चार गडी मला ओढून ताणायचे, कडांना लोखंडी खिळे ठोकायचे, वरून पाणी शिंपडायचे. मग माझ्या अंगातून ओल्या काथ्याचा वास निघायचा आणि मैदानाला मैदानपण यायचं.

मॅटला डोळे नसतात. आम्ही माणसं पायांवरून ओळखतो. तात्या टाच आपटत चालतात. ट्रॅक्टर आणि जेसीबी चालवणारा बंकट पाय घासत चालतो, म्हणून त्याच्या चपला टिकत नाहीत. आणि अजिनाथ? तो माझ्यावर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मला वाटलं, एखादं पाखरू येऊन बसलं.

अजिनाथ आसाराम आणि विमलबाईचा मुलगा. दिवाळी झाली की दोघं कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ते पार उन्हाळ्यात परतायचे. अजिनाथ मागं चुलतीकडं राहायचा. पण घरात तो जेवण्यापुरताच. बाकीचा सगळा वेळ त्याचे पाय माझ्यावर असायचे.

त्याचं खेळणं मी तुम्हाला कसं सांगू? बाकीचे चेंडूवर धावून जायचे, दात-ओठ खाऊन बॅट फिरवायचे. हा थांबायचा. चेंडू अगदी जवळ येऊ द्यायचा, जणू त्याची विचारपूस करायचा, आणि मग हलकेच त्याला यष्ट्यांच्या मागं वाटेला लावायचा. त्या क्षणी त्याचा डावा पाय माझ्यावर असा टेकायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. सगळं मैदान गप्प व्हायचं. वाऱ्यावर कापसाची म्हातारी तरंगत जावी तसा चेंडू सीमेपार जायचा आणि मी स्वप्नात असल्यासारखी पडून राहायची.

"हे पोरगं हितं थांबत न्हाई," तात्या म्हणायचे. "हे लई लांब जाणार."

आणि तो गेला. आधी बीड, मग पुणे, मग राज्याचा संघ. एके दिवशी भारताच्या संघात त्याचं नाव आलं. मैदानात मोठा पडदा लावला. मला गुंडाळून तात्यांना बसायला ठेवलं, त्यामुळे तो सामना मी तात्यांच्या बुडाखालून अनुभवला. अजिनाथ अर्धशतकाच्या जवळ पोचून बाद झाला, पण त्याचा तो थांबून मारलेला फटका समालोचक पुन्हा पुन्हा वाखाणत होते. तात्या माझ्यावर बसल्या बसल्या ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. या मुलापुढं मोठी कारकीर्द आहे, असं त्यात छापलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या सामन्याआधी त्याला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. तो घरी आला आणि गावाला नुसतं उधाण आलं. तुम्हाला आमच्याकडचे सत्कार ठाऊक असतील. हलगी, फेटा, क्रेनला टांगलेला हार, आणि जेसीबीच्या बकेटमधून फुलांचा पाऊस. तात्यांना तेवढ्यानं समाधान कुठलं. त्यांनी अजिनाथलाच बकेटमध्ये उभं केलं आणि बंकटला ती उंच न्यायला लावली, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला पोरगं दिसावं. त्याचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून खाली मला अंथरलं होतं. बकेट खाली आली. फेटा म्हणे कपाळावर घसरलेला, हार डोळ्यांपर्यंत आलेले. त्यानं पाय टाकला तो झेंडूच्या पाकळ्यांवर. पाय निसटला, बकेटच्या दातांत पिळवटला, आणि तो माझ्यावर कोसळला.

लगेच उठला, हसला, सगळ्यांना हात जोडले. लोकांना वाटलं, पोरगं पाया पडलं. पण त्याचा डावा घोटा माझ्या काथ्यावर थरथरत होता. मित्रांनो, ते कुणाला कळलं नाही, मला कळलं. आणि मला तोंड नव्हतं.

पुढच्या सामन्यात तो धावबाद झाला. सोपी धाव होती, अर्ध्या वाटेत राहिला. त्याच्या पुढच्या सामन्यात सीमेवर चेंडू त्याच्या पुढून गेला आणि तो पोचलाच नाही. मग त्याला वगळलं. घोटा बरा होईपर्यंत त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि तोही गुणी होता. अजिनाथला पुन्हा बोलावणं आलं नाही. तो गावी परतला, शेती बघू लागला. पारावर माणसं म्हणायची, डोक्यात हवा गेली त्याच्या, आळशी झाला. तो ऐकून घ्यायचा आणि मैदान टाळून लांबच्या वाटेनं शेताला जायचा.

माझेही दिवस फिरले. नवं सिमेंटचं पिच झालं. माझ्यावर आधी सोयाबीन वाळवलं, मग चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली मला घातलं, शेवटी शेळ्यांच्या गोठ्यात टाकलं. अंधारात पडून मी त्या हलक्या पावलाची स्वप्नं बघायची. एकदा, फक्त एकदा ते पाऊल पुन्हा माझ्यावर पडावं, एवढंच मागणं होतं.

यंदा तात्यांच्या नातीची, तेजश्रीची, भारताच्या महिला संघाच्या शिबिरासाठी निवड झाली. सकाळी मला गोठ्यातून ओढून काढलं, झटकलं आणि मैदानात अंथरलं. घुर्रऽऽ असा आवाज आला आणि मी ओळखलं. बंकटचा जेसीबी. झेंडूचा वास आला आणि माझा काथा न् काथा आक्रसला.

तेजश्री बकेटपाशी आली होती. तेवढ्यात कुणीतरी धावत माझ्यावर आलं. उजवं पाऊल हलकं. डावं किंचित बाहेर पडणारं.

"तात्या, तिला बकेटमदी चढवू नका," अजिनाथ म्हणाला.

"कावून रे?" तात्या हसले. "तुला केलतं तसंच करायलोत. फुलं जरा जास्तीची हायेत, एवढंच."

"माझा पाय तिथंच गेलता, तात्या."

हलगी थांबली.

"कोणचा पाय?"

"डावा. उतरताना पिळला. मॅचला पळताच येईना. रनआऊट झालतो ते त्याच्यामुळं."

तात्यांचा आवाज बारीक झाला. "अन् बोलला न्हाईस? टीमच्या डाक्टरला तरी सांगायचं."

"काय सांगू? जेसीबीवरनं पडलो म्हणू? गावाला सगळी हसली असती. अन् तुमी लई मायेनं केलतं. तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

बंकट वरून खाली उतरला. "बे अजिनाथ, आमी तुला आळशी म्हणत फिरलोत की बे," तो म्हणाला.

गर्दीतून विमलबाई पुढं झाली. "म्या फोनवर इचारलतं. कारखान्यावर टीव्हीत दिसला तवा चालणं येगळं वाटलं. पाय दुखतो का बाळा म्हणलं, तर न्हाई म्हणला."

तात्या मटकन माझ्यावर बसले. मग त्यांनी बंकटला गाडी माघारी न्यायला सांगितलं. हार काढून बाजूला ठेवले. आणि मित्रांनो, ज्या माणसानं आयुष्यात कधी हातोडी धरली नव्हती, तो माझ्या कडांना खिळे ठोकू लागला. एक खिळा वाकडा गेला. मी हू की चू केलं नाही.

"काका," तेजश्री म्हणाली, "थांबून मारायचा तो शॉट मला दाखवा."

"आता कुठलं जमतंय," अजिनाथ म्हणाला. पण बॅट त्यानं घेतली.

बंकटनं चेंडू टाकला. अजिनाथ थांबला. चेंडू जवळ आला, अजून जवळ आला. डावा पाय माझ्यावर टेकला, पूर्वीसारखा हलका नाही, थोडा कण्हणारा, तरी तोच. चेंडू मागं गेला, आणि मला खाडीचं पाणी आठवलं. मग त्यानं बॅट तेजश्रीच्या हातात दिली आणि तिचे पाय कसे ठेवायचे ते वाकून दाखवू लागला. दुपारपर्यंत दोघं खेळत होते. तात्या बाजूला बसून नुसते बघत होते.

त्याचे गेलेले सामने काही परत येणार नाहीत. ते दुःख मला आहे आणि ते राहील.

मित्रांनो, मला ओली गुंडाळू नका, कोरड्या जागी ठेवा, म्हणजे मी अजून काही वर्षं तुमच्या पायांखाली राहीन. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्यातलं कुणी गुणाचं निघालं, तर त्याला डोक्यावर घेण्याआधी विचारा, कुठं दुखतंय का. तो नाही म्हणेल. आपल्याकडची गुणी मुलं नाहीच म्हणतात. तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघू नका, त्याला चार पावलं चालायला सांगा आणि त्याच्या पायांकडं बघा.