विचारून चाललेली वाट

क्लेमंट टिबटने कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांवरून एक पाय पलीकडे टाकला आणि तो तसाच कुंपणावर घोडेस्वारासारखा बसून राहिला. पलीकडे उतरायला जागाच नव्हती. नदीकाठच्या पायवाटेवर आडव्या तारा ताणल्या होत्या आणि त्यांवर नवी कोरी पाटी लटकत होती: खासगी मालमत्ता.

"उतर खाली," हिल्डा प्रॉसर म्हणाली. "पुतळा समजून कबुतरं येऊन बसतील."

टॅडिंग गावातून निघायचं, वेंडल नदीच्या काठाकाठाने ऑस्लेडला जायचं, तिथे चर्चच्या सभागृहात चहा घ्यायचा आणि टेकडीवरून परत टॅडिंग. सात मैलांचा हा फेरा क्लेमंट तेवीस वर्षं दर गुरुवारी घालत होता. हिल्डाला नऊच वर्षं झाली होती. सोबत चालणारे बाकीचे जुने गडी दोन्ही गावांच्या चर्चच्या आवारांत कायमचे टेकले होते.

यंदाच्या वसंतात एका लंडनवाल्याने इथली बंद पडलेली पाणचक्की आणि शेजारचं ओकशॉटचं शेत, दोन्ही विकत घेतलं आणि काठाची चारशे पावलं वाट बंद केली. आता तारांपर्यंत जायचं आणि, हमरस्त्यावर मालट्रकांशी झुंजायचं नसेल, तर त्याच वाटेने परत यायचं. म्हणजे फेरा नव्हे, येरझारा. तीच गुरं दोनदा बघायची, आणि दुसऱ्यांदा तर गुरंही तोंड फिरवतात.

यावर कायदा होता. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं राजरोस, कुणाला न विचारता चालले, तर ती वाट लोकांची. विचारून चालले असतील, तर ती मालकाची मेहेरबानी. तो वाटेल तेव्हा बंद करू शकतो. उद्धटपणाला बक्षीस देणारा इंग्लंडातला हा बहुधा एकमेव कायदा. वीस वर्षं चाललेला जिवंत साक्षीदार एकच उरला होता, आणि त्याचा एक पाय अजून कुंपणापलीकडे होता.

हिल्डाने पिशवीतून कौन्सिलकडे द्यायचा साक्षीचा अर्ज काढला. "उद्या शेवटची तारीख. 'जमीनमालकाने तुम्हाला कधी परवानगी दिली होती का?' 'नाही'वर खूण कर, सही ठोक, की सुटलो."

क्लेमंट सावकाश खाली उतरला. "अर्नेस्ट ओकशॉट शेताच्या फाटकाशी उभा असायचा. मी टोपी काढून म्हणायचो, 'जाऊ का?' तो म्हणायचा, 'जा.' दर गुरुवारी. तो गेला तोवर."

"अरे, ते नुसतं बोलणं! तुझ्या पायावर कुणी पाय दिला तर तूच त्याची माफी मागतोस. तो काय गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला?"

"विचारलं ते विचारलं."

"अर्नेस्ट काय साक्ष द्यायला उठून येणार आहे?"

"मी आहे ना," क्लेमंट म्हणाला.

उरलेली वाट त्यांनी हमरस्त्याच्या कडेने, मालट्रकांचा वारा खात कापली. हिल्डा पूर्ण वेळ दहा पावलं पुढे चालत राहिली. तिच्या बाबतीत हे लक्षण गंभीर होतं.

ऑस्लेडच्या चर्चमध्ये गुरुवारचा चहा अर्नेस्टची बायको ओलिव्हच देत असे. चार वर्षांपूर्वी अर्नेस्ट गेल्यापासून ती चर्चसमोरच्या घरात एकटीच राहत होती. तिने कप ठेवले, मनुकांचा केक ठेवला, आणि दोघांच्या तोंडांकडे पाहून विचारलं, "कोण गेलं?"

"वाट गेली," हिल्डा म्हणाली. "या सद्गृहस्थाच्या सभ्यतेपायी."

क्लेमंटने सगळं सांगितलं. ओलिव्ह हातातली किटली खाली ठेवून हसायला लागली.

"टिबटसाहेब, ती काठाची पट्टी आमची नव्हतीच हो कधी! आमचं शेत फाटकाला संपायचं. पुढचं सगळं चक्कीचं, आणि चक्कीचा मालक तिकडे कॅनडात. त्याने ही नदी तरी पाहिली होती की नाही, देव जाणे. शेत विकलं तेव्हाचा नकाशा आहे घरी, आणून दाखवते."

"म्हणजे एकोणीस वर्षं हा भलत्याच माणसाला विचारत होता?" हिल्डाने कपाळाला हात लावला. "आणि तो भला माणूस खुशाल 'जा' म्हणत होता?"

"अर्नेस्टला माहीत होतं?" क्लेमंटने विचारलं.

"न माहीत असायला काय झालं? हद्दीचं कुंपण त्यानेच घातलं होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

ओलिव्हने फडक्याने टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं.

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, आज एकाने टोपी काढून मला विचारलं. त्याला कोण काय विचारणार हो? बँक सांगायची, बाजार सांगायचा, उरलेलं मी सांगायचे. पुढच्या गुरुवारी साडेदहालाच गेला फाटकावर. दाढी करून."

"दाढी करून?"

"एरवी रविवारीच करायचा, देवासाठी. ती पण घाईघाईत."

हिल्डा खुदकन हसली आणि तिने अर्ज क्लेमंटपुढे सरकवला. "मालकाने परवानगी दिली नव्हती. शंभर टक्के खरं. आता तरी कर खूण, बाबा."

क्लेमंटने पेन उघडलं. मग वर पाहिलं.

"आणि ज्या गुरुवारी आम्ही आलो नाही? पाऊस असायचा. एक हिवाळाभर माझा गुडघा धरला होता."

"तास-दीड तास उभा राहायचा," ओलिव्ह म्हणाली. "मग आत येऊन बूट काढता काढता म्हणायचा, 'आज गेले असते तरी चाललं असतं.'"

क्लेमंटने 'नाही'वर खूण केली, खाली सही केली. हिल्डाने हात पुढे केला, पण त्याने कागद लगेच दिला नाही. पेन बॉलपॉइंटचं होतं, तरी शाई वाळेपर्यंत तो कागद धरून बसला.