सापापासून दहा पावलं

दोन गल्ल्या

आमच्या घरापासून बेबाबाईच्या घरापर्यंत दोन गल्ल्या आणि एक हौद. दिवाळी झाली, कापूस घरात आला की असोद्यात साप निघतातच. ढिगात ऊब असते, ढिगाखाली उंदीर असतात. सत्याऐंशी साली लोटनच्या घरी एक निघाला, शाळेमागं एक, आमच्या गोठ्यात एक.

बेबाबाईच्या घरी चार.

साप निघाला की गाव सुकदेवला बोलावतं. म्हणजे आमच्या ह्यांना. सातपुड्याच्या पायथ्याहून केळीच्या कामाला डोंगरसिंग येतो, त्याच्याकडून हे शिकले. एक लोखंडी आकडा, वावरातल्या प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, पाइपच्या दुसऱ्या टोकाला घट्ट बांधलेली जाड कापडाची पिशवी. सापाला हात लावत नाहीत. पाइपचं तोंड सापापुढं ठेवायचं आणि मागून आकड्यानं नुसतं सुचवायचं. अंधार दिसला की साप आपण होऊन आत जातो. मग नाल्यापलीकडं सोडून यायचं.

बेबाबाईचा नवरा हिलाल केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला जातो. पंधरा-पंधरा दिवस येत नाही.

चारही वेळा तो दिल्लीच्या रस्त्यावर होता. मी आठवून आठवून पाहिलं. चारही वेळा.

एक उशी

पहिला साप धरला त्या दिवशी मीच म्हटलं होतं, "हात बाहेर धुऊन या. आणि सापाची गोष्ट घरात काढू नका, माझ्या अंगावर काटा येतो."

नाही काढली. सात वर्षं नाही काढली.

बेबाबाईच्या घरून आले की मिशांना आल्याच्या चहाचा वास असायचा. मी आलं घालत नाही, ह्यांना पित्त होतं. तिथं होत नसेल.

वावर, पाव तास

दुपारचे तीन वाजले असतील. मी अंगणात तुरी पाखडत होते. भागाक्का धापा टाकत आली. ही बेबाबाईची शेजारीण, साठीची, पण गावातली पहिली बातमी तिच्याच पायांनी चालते.

"ताई, सुकदेव कुठी हाये?"

"काय झालं?"

"काय होईन! बेबीच्या घरात निघाला. कापसाच्या ढिगात. ह्या खेपेले नागच हाये, मी सोता फडा पाह्यला."

हे केळीच्या वावरात होते. पायी पाव तास. कुणाला सायकलवर पाठवलं असतं तर सुपातल्या तुरी पाखडून व्हायच्या आत हे आले असते.

मी म्हटलं, "एरंडोलले गेले. सांजच्या मोटारीनं येतीन."

सूप हलवतच म्हटलं. एक दाणासुद्धा बाहेर पडला नाही.

"मंग कसं वं माय?"

"कसं म्हंजे? आजच्या दिवस तिनं सापाले चहा पाजावा."

भागाक्काला ते कळलं नाही, किंवा फार चांगलं कळलं. ती उलट्या पावली गेली. मी सूप भिंतीला लावलं, पदर खोचला आणि तिच्या मागं निघाले. बेबाबाईला वाचवायला नाही. एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, तिच्या घरात साप असतो का.

दहा पावलं

साप होता.

बेबाबाई दारातल्या बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. समोर खोलीभर कापूस, खिडकीच्या खालच्या गजापर्यंत. भिंत आणि ढीग यांच्या सांदीत जातं. जात्यामागं कापसातून मनगटाएवढं काळं वेटोळं दिसत होतं. हलत नव्हतं.

तिनं माझ्याकडं मान वळवली नाही.

"वयनी, तठीच थांबा. दहा पावलं."

"मले शिकवतीस?"

"पाय आपटू नका. त्याले ऐकू येत नही, पन जमीन हालली का कळते. घासलेट टाकाचं नही, मिरचीची धुनी द्याची नही, पिसायतो मंग तो. त्याची वाट अडवाची नही. आन ज्याले दिसला त्यानं नजर काढाची नही. नजर सुटली का बठ्ठा कापूस साप होऊन जातो."

शब्द ह्यांचे होते. मी ऐकले नव्हते, पण ओळखले. सगळ्याला 'बठ्ठा' म्हणताना हे मान जराशी डावीकडं टाकतात. तिनंही टाकली. सापावरची नजर न काढता टाकली.

सात वर्षं ज्या माणसाचे कपडे धुतले, त्याचं एवढं मोठं बोलणं मी दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकत होते.

"आन चावला तं?" मी विचारलं. बघू तरी, किती पाठ आहे.

"पयले लांब सरकाचं. मंग हालाचं नही. कापाचं नही, चोखाचं नही, दोरी आवळाची नही. भगताकडं तं जाचंच नही. गाडी पाहून सिध्दं जळगावच्या मोठ्या दवाखान्यात. तठी सुई हाये त्याची."

सगळं पाठ होतं.

तेवढंच, थोड्या वेळानं

एकीनं सापाकडं बघायचं, दुसरीनं तिच्याकडं. मी तिचं घर पाहून घेतलं. भांडी घासलेली. बिळं चुना-काचेनं बुजवलेली, नवीन. ते लिंपण मी ओळखलं. आमच्या गोठ्यात तसंच आहे, बोटांचे तीन फराटे.

"तुह्याच घरी कसे वं निघतात एवढे?"

"उंदीर हाये म्हनून."

"उंदीर आमच्या घरी बी हाये."

"तुमच्या घरी मानूस बी हाये," ती म्हणाली.

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

मग ती आपणहून म्हणाली, त्याच सुरात, नजर वेटोळ्यावर:

"चार खेपा बोलावलं मी त्याहीले. साप दोनदाच होता."

"आन दोनदा?"

"दोनदा नव्हता."

"मंग कशाले बोलावलं?"

"पाह्याले. बिळं असतीन तं बुजवाले. बोलाले. वयनी, एकट्या घरात मानूस रातभर कापसाकडं पाहत बसला ना, तं कापूस हालतो. मी त्याहीले तसं सांगतलं. ते हासले नही. बसले, सापाच्या गोष्टी सांगतल्या. मन्यार कशी असते, घोनस शिट्टीवानी कशी फुसफुसते. पोरावानी सांगतात. घरी नही का सांगत?"

हे पोरासारखं बोलतात. मला माहीत नव्हतं.

तिनं काही चोरलं असतं तर मी झिंज्या धरल्या असत्या. मी उंबऱ्याबाहेर टाकलेलं तिनं उचललं होतं. त्यासाठी कुणाच्या झिंज्या धरायच्या?

पाच

लोटन आला. हातात काठी, मागं भागाक्का.

"सुकदेव नही ना? मंग सरका बाया हो. सापापाशी काय कीर्तन लावलं?"

"लोटनभाऊ, आत नका जाऊ," बेबाबाई म्हणाली.

"अवं, वरचा कापूस काढला का दिसतोच तो. दोन्ही हातांनी चार कवटे बाहेर टाकतो, मंग एक टोला."

आमच्याकडं कापसाला कुणी भीत नाही. पोरं त्यात झोपतात, बाया त्यात बाळंत होतात. घराला आग लागली तरी माणूस आधी कापूस कवटाळून बाहेर आणतो. लोटननं काठी भिंतीला टेकवली, बाह्या सारल्या. नाग काळा असतो, कापूस पांढरा असतो, आणि ह्या माणसाला कापूसच दिसत होता.

चार

तो वाकला.

तीन

"थांबा!" मी ओरडले. "ते एरंडोलले नही गेले. वावरात हाये. केळीत. मी खोटं बोलली."

लोटन दोन्ही हात पसरलेले तसाच थांबला. भागाक्कानं पदर तोंडाला लावला.

आणि बेबाबाईनं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. पूर्ण मान वळवून. रागानं नाही. हिशेब लागल्यासारखं. मी कधीपासून संशय धरला आणि कशासाठी खोटं बोलले, ते सगळं तिला त्या एका बघण्यात समजलं.

तिनं परत मान फिरवली तेव्हा जात्यामागं वेटोळं नव्हतं.

किती? माहीत नाही

आम्ही चौघं पाय न आपटता मागं सरत बाहेर आलो. दार लोटलं, खालच्या फटीत ओलं पोतं दाबलं. लोटन सायकलवर वावरात गेला. आम्ही तिघी हौदापाशी उभ्या राहिलो, आणि बोलत होती एकटी भागाक्का.

हे आले. पायजमा दुमडलेला, पायाला केळीचा चीक. "कोनाले चावला?" हेच पहिलं.

"कोनालेच नही."

"नजर कोनाची सुटली?"

मी बेबाबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "माही." का सुटली ते सांगितलं नाही. आता मी तिची मिंधी झाले. तेही तिनंच मिळवलं.

हे एकटे आत गेले, आम्ही दारात थांबलो. आकड्यानं कापूस वरून नाही, कडेनं, चिमूटभर चिमूटभर ओढत बसले. ऊन दारातून तिरपं येत होतं, पण सांदीत अंधारच.

"कोनी आरसा धरा. दारातूनच. ऊन सांदीत टाका."

बेबाबाईचा हात चौकटीच्या खिळ्यावरच्या आरशाकडं गेला. तिचाच आरसा, तिचंच घर. मी आधी ओढला.

ऊन कसं टाकतात मला येत नव्हतं. चकाकी छतावर गेली, तिथून भिंतीवर, तिथून थेट ह्यांच्या डोळ्यांवर. ह्यांनी डोळे मिटले. पुढं कुठंतरी नाग होता आणि ह्यांचे डोळे मिटलेले होते. माझ्या हातानं.

"खाली," मागून बेबाबाई म्हणाली. "अजून खाली. कोपर अंगाले लावा. आता डाव्या अंगाले, सुताएवढं."

ती सांगेल तसं मी केलं. कोपर अंगाला लावलं. सुताएवढं डावीकडं. सांदी उजळली. फडा उभा होता, ह्यांच्या गुडघ्यापासून तीन हातांवर.

"हां, असंच," हे म्हणाले. कुणाला म्हणाले कळायला मार्ग नव्हता.

पाइप पुढं सरकला. बराच वेळ काही झालं नाही. माझे हात भरून आले. मग फडा मिटला, आणि तो सगळाच्या सगळा, सावकाश, अंधारात शिरला. पिशवी फुगली.

नाला

सोडायला हे नेहमी एकटे जातात. मी मागं निघाले. नको म्हणाले नाहीत. पिशवी अंगापासून लांब, आकड्याच्या टोकाला.

बाभळीपाशी आल्यावर मी सांगितलं. भागाक्काला काय म्हटलं ते, सुपासकट.

"बेबी मेली असती," हे म्हणाले.

"हो."

"लोटन मेला असता."

"हो."

"म्हनून तिले वाचवाले गेलीस का तठी?"

'हो' म्हणायला सोपं होतं. "नही. साप हाये का नही ते पाह्याले गेली."

ह्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली, आकड्यानं गाठ सोडली, मागं आले. नाग बाहेर पडला, क्षणभर थांबला, मग गवतात गेला. गवत हललं, पुढचं हललं, मग नाल्याच्या काठचं. हे बघत उभे राहिले. गवत हलायचं थांबल्यावरही बघत राहिले. तसं बघणं सात वर्षांत माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

"नर होता का मादी?" मी विचारलं.

हे माझ्याकडं वळले.